एकाच रात्री दोन गावांना गेलेला शेला, आणि लिब्रेऑफिस बेस

आमची नाटकांची ड्रेपरी आहे. फोंड्याहून कवळ्याला जायच्या वाटेवर घर, घराच्या मागच्या दोन खोल्या आणि माळा. ऐतिहासिक, पौराणिक, आणि थोडं सामाजिक. जिरेटोप, मंदील, अंगरखे, शेले, कद, मुकुट, टोप, दाढ्या-मिशा, गंगावनं, तलवारी, नारदाच्या चिपळ्या, एक गदा. (दोन होत्या.) गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते: इथं जत्रेला, काल्याला, शिगम्याला गावात रात्री मराठी नाटक होतंच, आणि ते गावचेच लोक करतात. दिवसा पिकअप चालवणारा रात्री औरंगजेब होतो. त्याचा झगा बहुतेक आमच्याकडचा असतो.

धंदा सासऱ्यांनी उभा केला. त्यांची एक लांबोडी वही, एक पावतीपुस्तक आणि तिसरी वही त्यांच्या डोक्यात. ही तिसरीच खरी. ‘तो गुलबक्षी काठाचा, गेल्या शिगम्याला पान सांडलेला’ म्हटलं की बाबा माळ्यावरची बरोबर ट्रंक दाखवायचे. त्यांच्या गुडघ्यांनी माळा सोडला आणि कारभार माझ्याकडे आला. पहिल्याच हंगामात मी एक तांबडा जरीचा शेला एकाच रात्री दोन मंडळांना दिला. एक म्हार्दोळच्या बाजूला, दुसरं सावईवेऱ्याला. रात्री साडेनऊला फोन: ‘वयनी, आमचो शेलो खंय?’ म्हार्दोळच्या नाटकातला सरदार दुसऱ्या अंकात मरतो म्हणून वाचलो. तो मेल्या मेल्या नवऱ्याने विंगेत त्याच्या अंगावरून शेला काढला आणि स्कूटरवरून सावईवेऱ्याला पोचवला. तिथला राजा पहिला अंक बिनशेल्याचाच वावरला.

माझा मुलगा फर्मागुढीला इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, एक्सेलमध्ये कर. केलं. एका हंगामात कळलं की एक्सेल म्हणजे बाबांचीच वही, फक्त अक्षर चांगलं. तीच वस्तू तीन ठिकाणी तीन नावांनी लिहिली तरी ते हूं की चूं करत नाही. एकाच मंडळाची माझ्याकडे चार स्पेलिंगं झाली होती. मग मी लिब्रेऑफिसचा बेस हा डेटाबेसचा, म्हणजे नोंदी नीट लावून ठेवायचा, भाग उघडला, आणि आज दोन हंगाम त्यावर काढल्यावर हे लिहिते आहे. माझं शिक्षण बी.कॉम. आणि खूप वर्षांपूर्वीचा सहा महिन्यांचा कॉम्प्युटर कोर्स, एवढंच. ते ध्यानात ठेवून वाचा.

लिब्रेऑफिस फुकट मिळतं हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पत्र लिहायला रायटर आणि हिशेबाला कॅल्क वापरतातही. त्याच्याच बरोबर बेस येतो, आणि तो तसाच न उघडता पडून राहतो. ओपनऑफिसच्या २.० आवृत्तीत, २००५ साली तो आला. २०१० मध्ये त्यातून लिब्रेऑफिस वेगळं झालं आणि डॉक्युमेंट फाउंडेशन नावाची संस्था ते सांभाळू लागली. विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हीवर चालतं. मेनू मराठीतही करता येतात. मी केले आणि आठवड्याने परत इंग्रजी केले, कारण अडलं की जी मदत शोधायची ती सगळी इंग्रजी मेनूंच्या नावाने असते.

उघडल्यावर डावीकडे चार गोष्टी दिसतात: टेबल, क्वेरी, फॉर्म, रिपोर्ट. आमच्या भाषेत सांगायचं तर टेबल म्हणजे माळ्यावरची ट्रंक, फॉर्म म्हणजे पुढचं काउंटर, क्वेरी म्हणजे बाबांना विचारलेला प्रश्न आणि रिपोर्ट म्हणजे मंडळाच्या हातात द्यायची यादी. मायक्रोसॉफ्टचं अशाच कामाचं अॅक्सेस आहे, त्यातही हे चार असतात. ही सगळी मांडणी मुळात एडगर कॉड या माणसाने १९७० साली आयबीएममध्ये असताना मांडलेल्या विचारावर उभी आहे: माहिती टेबलांत ठेवायची, प्रत्येक ओळीला तिची स्वतःची ओळख द्यायची, आणि एक गोष्ट एकदाच लिहायची. वाचायला सोपं आहे. माझे दोन महिने या शेवटच्या वाक्यात गेले.

कारण सॉफ्टवेअर पहिल्याच खिडकीत विचारतं, तुझी एक वस्तू म्हणजे काय? वहीने हे कधी विचारलं नव्हतं. वहीत ‘कृष्ण, १ संच’ असं असतं. पण कृष्णाचा संच म्हणजे मुकुट, पीतांबर, शेला, बाजूबंदाची जोडी, कमरपट्टा, माळा आणि मोरपीस. पीतांबर विष्णूलाही जातो. कमरपट्टा अर्जुन नेतो. मोरपीस दरवर्षी नवं. मग वस्तू एक की सात? बाजूबंदाची जोडी एक की दोन? (दोन. एकच परत येतो तेव्हा कळतं.) अठरा मावळ्यांचे अठरा अंगरखे सारखेच, त्यांना अठरा नंबर द्यायचे की एकच नंबर आणि नग १८? मी मावळ्यांना एक नंबर दिला, आणि पहिल्याच जत्रेत चूक कळली. बारा इकडे, सहा तिकडे गेले, आणि फाटलेला कोणाकडून आला ते सांगता येईना. आता प्रत्येक अंगरख्याला आतून कापडी पट्टी शिवली आहे, मार्करने नंबर. सगळ्या वस्तू मिळून ११४६ नग झाले. ते काम नवऱ्याने आणि जाऊबाईंनी मिळून पावसाळ्यात केलं. पावसाळ्यात आम्हाला दुसरं काम काय, डांबराच्या गोळ्या बदलायच्या आणि ऊन पडलं की जरीचे कपडे बाहेर काढायचे.

दुसरी मोठी गाठ बुकिंगची. मी सुरुवातीला बुकिंगच्या टेबलात रकाने केले: वस्तू १, वस्तू २, असे वस्तू ४० पर्यंत. सावर्ड्याच्या बाजूच्या एका मंडळाने ६३ वस्तू नेल्या आणि टेबल संपलं. मुलगा हसला, पण त्याने समजावलं ते मात्र छान. एका बुकिंगमध्ये पुष्कळ वस्तू जातात, आणि एक वस्तू वर्षभरात पुष्कळ बुकिंगांत जाते. दोन्ही बाजूंनी पुष्कळ असलं की मध्ये तिसरं टेबल लागतं. त्यात फक्त बुकिंगचा नंबर आणि वस्तूचा नंबर. एक ओळ म्हणजे एक नग एका पेटाऱ्यात पडला. टूल्सच्या मेनूत रिलेशनशिप्स म्हणून एक खिडकी आहे, तिथं या टेबलांमध्ये रेघा ओढायच्या. त्या रेघा ओढल्यावर बेस कडक होतो. यादीत नसलेला नंबर घेत नाही. बुकिंगांत गुंतलेली वस्तू पुसू देत नाही. मला सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यात काय आवडलं असेल तर हा कडकपणा. बाबांचाही असाच होता.

एक सूचना इथंच. प्रत्येक टेबलाला प्रायमरी की, म्हणजे ओळीची ओळख, द्यायचीच. दिली नाही तर जतन करताना बेस इशारा देतो. तिकडे दुर्लक्ष केलंत तर टेबल बनतं, पण त्यात काही लिहिता येत नाही. मी अर्धी सकाळ कीबोर्ड बिघडला असं समजून बसले होते.

आता शेल्याचा प्रश्न. दोन बुकिंगं एकमेकांवर चढतात की नाही हे ओळखायची युक्ती मला आधी फार किचकट वाटली होती. प्रत्यक्षात दोनच अटी आहेत: पहिलं बुकिंग सुरू होण्याची तारीख दुसरं संपण्याच्या आत, आणि दुसरं सुरू होण्याची तारीख पहिलं संपण्याच्या आत. दोन्ही खऱ्या असतील तर टक्कर. ही क्वेरी एकदा बसवली की क्लिक केल्यावर सगळ्या टकरा ओळीने समोर येतात. नाटक रात्री साडेदहाला उभं राहतं आणि पहाटे संपतं, त्यामुळे एका तारखेचं बुकिंग म्हणजे निदान दोन तारखा. शिवाय घामाने भिजलेला अंगरखा लगेच दुसऱ्याच्या अंगावर घालता येत नाही, एक दिवस वाळवायचा. इथं बेसची पहिली खोट लागते. त्याच्या पोटातलं, माहिती साठवणारं एचएसक्यूएलडीबी हे इंजिन १.८ आवृत्तीचं, जुनं आहे. दोन तारखांमधलं अंतर ते देतं, पण ‘या तारखेत दोन दिवस मिळव’ हे साधं गणित त्याला सरळ जमत नाही. मी वस्तू मोकळी होण्याची तारीख हाताने भरते. चालतं, पण चीड येते.

दुसरी खोट अशी की ही टक्कर क्वेरी चालवल्यावर दिसते. फॉर्म भरतानाच त्याने ‘नको, हा शेला गेला आहे’ असं म्हणायला हवं असेल तर मॅक्रो, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहावा लागतो, आणि मॅक्रो लिहिणं माझ्या आवाक्यात नाही. मी प्रत्येक बुकिंगनंतर क्वेरी चालवायची सवय लावून घेतली.

आणि एक फजिती पूर्ण माझीच. आमच्याकडे मंडळं तारखेने बुकिंग करत नाहीत, तिथीने करतात. ‘माघ शुद्ध सप्तमी, ठेवा हां वयनी.’ बेसच्या तारखेच्या रकान्यात माघ शुद्ध सप्तमी बसत नाही. म्हणून मी तिथीला वेगळा साधा मजकुराचा रकाना ठेवला, आणि कालनिर्णय बघून तारीख शेजारी भरते. पण पुढच्या वर्षीचं पंचांग हातात नसताना बुकिंग आलं तर? मी तारीख रिकामी ठेवली, नंतर भरू म्हणून. राहून गेली. आणि डेटाबेसचा नियम असा आहे की रिकाम्या रकान्याची कशाशीही तुलना केली तर उत्तर ‘हो’ही नसतं आणि ‘नाही’ही नसतं, त्यामुळे ती ओळ क्वेरीतून गुपचूप गळते. टकरांची यादी कोरी, मी निश्चिंत, आणि दोन मंडळांना एकच सोनेरी मुकुट. सुदैवाने चार दिवस आधी बाबांनीच विचारलं, ‘सप्तमीचा मुकुट कोणाला?’ म्हणून सापडलं. आता माझी रोजची पहिली क्वेरी म्हणजे ‘तारीख रिकामी असलेली बुकिंगं दाखव’. डेटाबेस शिकवणाऱ्यांनी ही गोष्ट पहिल्या दिवशी सांगायला हवी, असं माझं मत आहे.

मराठीत लिहायचं तर आणखी दोन गमती आहेत. क्रम लावताना बेस अक्षरांच्या संगणकीय नंबरांप्रमाणे चालतो, आणि त्या क्रमात ‘ळ’ हा ‘ल’ आणि ‘व’च्या मध्ये येतो. म्हणून माझ्या यादीत ‘माळ’ ही ‘मावळा’च्या आधी दिसते. शब्दकोशाची सवय असलेल्याला ते खुपतं. दुसरी गंमत जास्त महागात पडली. ‘तुऱ्याचा मंदील’ शोधला तर मिळेना, आणि डोळ्यासमोर तर दिसतोय. ‘ऱ्य’ दोन तऱ्हांनी लिहिला जातो: एकात साध्या ‘र’ला हलन्त देऊन मध्ये न दिसणारं एक चिन्ह असतं, दुसऱ्यात ‘ऱ’ हे वेगळंच अक्षर असतं. दिसायला एकच, संगणकाला दोन. फोनवर लिहून पाठवलेली यादी आणि मी टंकलेली यादी अशा वेगळ्या निघाल्या. यावर उपाय एकच, नाव पुन्हा पुन्हा टंकायचंच नाही. फॉर्ममध्ये यादी ठेवायची आणि त्यातून निवडायचं.

ती यादी, म्हणजे लिस्ट बॉक्स, बसवणं हा बेसमधला सगळ्यात नाठाळ प्रकार. डोळ्यांना नाव दिसलं पाहिजे आणि टेबलात नंबर गेला पाहिजे. त्यासाठी दोन रकाने द्यायचे, आधी नाव आणि मग नंबर, आणि ‘बाउंड फील्ड’ म्हणून जो आकडा विचारतात तिथं १ लिहायचा. दुसरा रकाना, आणि आकडा १, कारण मोजणी शून्यापासून! असल्या ठिकाणी बेस बनवणाऱ्यांना माझ्यासारखं गिऱ्हाईक कधी भेटलं नसावं असं वाटतं.

अॅक्सेसशी तुलना केल्याशिवाय असं लिखाण कोणी पुरं मानत नाही. चुलत दीर पणजीला एका कचेरीत आहेत, त्यांच्याकडे चार-पाच वेळा बसून पाहिलं. मायक्रोसॉफ्टने अॅक्सेस १९९२ साली काढलं, आणि इतक्या वर्षांचा हात फिरलेला कळतो. लिस्ट बॉक्सची वरची कसरत तिथं एक विझार्ड प्रश्न विचारत विचारत करून देतो. टेबलात ओळीच्या डाव्या टोकाला अधिकचं चिन्ह दाबलं की त्या बुकिंगच्या वस्तू तिथल्या तिथं उघडतात. ते पाहून मला मोह झाला, खोटं कशाला बोलू. तारखेत दोन दिवस मिळवायला तिथं अधिक दोन लिहिलं की झालं. पण ते फक्त विंडोजवर चालतं, आणि पैसे मोजून घ्यावं लागतं. मायक्रोसॉफ्टच्या घरगुती वापराच्या स्वस्त संचांत ते सगळीकडे येतंच असं नाही, घेण्याआधी तपासा. एका फाइलची मर्यादा २ जीबी. ती ड्रेपरीला सात जन्म पुरेल, फोटो आत कोंबले नाहीत तर. मी बेसमध्ये कोंबले होते. फाइल फुगली आणि दर वेळी जतन व्हायला चहा होईल इतका वेळ लागू लागला. आता फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये आहेत आणि टेबलात फक्त त्यांचा पत्ता. फॉर्मवरचं चित्राचं खोकं तो पत्ता वाचून फोटो दाखवतं.

ज्याची कचेरी विंडोजची आहे आणि अॅक्सेस आधीच मिळालेलं आहे, त्याने अॅक्सेसच वापरावं. ज्याला शून्य पैशांत, घरच्या घरी, एका माणसाने चालवायचं आहे, त्याने बेस. ‘एका माणसाने’ यावर जोर आहे. आतल्या इंजिनावर चालणारी बेसची फाइल एका वेळी एकाच संगणकावर उघडून काम करायची असते. मला काउंटरवर आणि मुलाला लॅपटॉपवर एकाच वेळी लिहायचं असेल तर मागे मारियाडीबी किंवा पोस्टग्रेएसक्यूएलसारखं वेगळं इंजिन बसवून बेस फक्त पुढचं तोंड म्हणून ठेवता येतो. मुलगा ते करायला टपलेला आहे. मी त्याला परीक्षा होऊ दे म्हटलंय.

एक गोष्ट मात्र हे वाचून कोणी सुरू करणार असेल तर आत्ताच मनात पक्की करा. फॉर्ममध्ये ओळ भरून पुढच्या ओळीवर गेलं की ती जतन झाली, असं वाटतं. आतल्या इंजिनाच्या बाबतीत ती अजून फाइलमध्ये लिहिलेली नसते; मुख्य खिडकीतलं सेव्ह दाबल्यावर लिहिली जाते. मी जूनच्या पहिल्या पावसात एका संध्याकाळी जुन्या वहीतल्या दीडशे नोंदी भरल्या, वीज गेली, आणि यूपीएसची बॅटरी मी दोन वर्षं बदलली नव्हती. दीडशे नोंदी पाण्यात. त्यानंतर नवी बॅटरी आणली आणि दर दहा नोंदींनी सेव्ह. रोज रात्री त्या फाइलची एक नक्कल पेनड्राइव्हवर. सगळा कारभार एकाच फाइलमध्ये असतो, त्यामुळे नक्कल करणं सोपं. आणि हो, जावा बसवलेलं असावं लागतं, आतलं इंजिन आणि रिपोर्ट दोन्ही त्यावर चालतात. बहुतेकांचं ‘बेस उघडतच नाही’ हे रडगाणं तिथंच संपतं.

चांगलं काय ते थोडक्यात सांगण्याजोगं नाही, पण एक सांगते. रायटरमध्ये डेटाचे रकाने ओढून आणता येतात. मी प्रत्येक पेटाऱ्यासाठी चिठ्ठी तशी छापते: मंडळ, तिथी, तारीख, आतल्या नगांची यादी. कंट्रोल, शिफ्ट आणि एफ ४ दाबलं की वर टेबलं येतात, त्यातून रकाना खाली ओढायचा. पेटारा परत आला की त्याच चिठ्ठीवर खुणा. गेल्या हंगामात ३८ बुकिंगं झाली आणि हरवलं ते एक बाजूबंद आणि दोन मिशा. मिशा मी धरत नाही.

श्रावणात मी सगळ्या वस्तूंचा रिपोर्ट छापून बाबांना दाखवला. एकोणीस पानं. त्यांनी चष्मा लावून, लाल पेन घेऊन दोन दिवस वाचला. चार नगांचे रंग चुकले होते, एका तलवारीला मी म्यान लावलं होतं जे दुसऱ्या तलवारीचं होतं. आणि जुन्या चांदीच्या मुलाम्याच्या मुकुटासमोर त्यांनी लिहिलं होतं: ‘देऊ नये.’ कोणाला देऊ नये, असं विचारलं तर एका गावाचं नाव सांगितलं. का, ते सांगितलं नाही.

टेबलात मी ‘देऊ नये’ असा एक नवा रकाना जोडला आहे, मंडळाच्या नंबरासकट. टेबलात जोडला तरी फॉर्मवर तो आपोआप येत नाही, हाताने नेऊन बसवावा लागतो. ते चवथीनंतर.